अमेरिकेतील राष्ट्रीय दिनांचे मूळ कसे शोधावे : सीमाभागातील शिक्षक आणि वाचनालयांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी शाळांत परिपाठाला दिनविशेष वाचण्याची पद्धत जुनी आहे आणि वाचनालयांच्या फळ्यांवरही तो लिहिला जातो. या दिनविशेषांत अमेरिकेत जन्मलेल्या दिवसांची भर आता मोठी आहे. मेच्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन, जूनच्या तिसऱ्या रविवारचा पितृदिन आणि २२ एप्रिलचा वसुंधरा दिन हे तिन्ही तिकडूनच आले. १ मे म्हटला की आपल्या मनात आधी महाराष्ट्र दिन येतो, पण त्याच तारखेच्या कामगार दिनाचे मूळ शिकागोत १८८६ साली आठ तासांच्या कामासाठी झालेल्या संपात आहे. एवढे दिवस आपण पाळतो, तरी त्यांच्याविषयी फळ्यावर जाणारा मजकूर बहुधा एका ओळीचा असतो : अमुक साली अमुक व्यक्तीने हा दिवस सुरू केला. अशी ओळ क्वचितच पूर्ण खरी असते. मुले ती वहीत उतरवून घेतात, वक्तृत्व स्पर्धेत म्हणून दाखवतात आणि पुढे आयुष्यभर खरी मानतात. म्हणून ती लिहिणाऱ्याने थोडे कष्ट घेणे आवश्यक आहे. ते कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे येथे सांगतो.

घटना, प्रथा आणि कागद

कोणताही दिवस हाती घेतल्यावर वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात मूळ घटना केव्हा घडली ते लिहावे, दुसऱ्यात लोक तो दिवस केव्हापासून पाळू लागले ते लिहावे आणि तिसऱ्यात सरकारने त्याला कोणत्या कागदाने मान्यता दिली ते लिहावे. या तीन तारखा एकमेकींपासून कित्येकदा शंभर वर्षे दूर असतात आणि दिनविशेषांतील बहुतेक चुका त्या एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

आपल्या प्रजासत्ताक दिनावर ही रीत आधी करून पाहावी, म्हणजे ती अंगवळणी पडते. लाहोर काँग्रेसच्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, पण ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० ही तारीख निवडली गेली, ती लोकांनी आधीच पाळलेल्या दिवसाचा मान राखण्यासाठी. येथे प्रथा आधी आली आणि कागद मागून आला. अमेरिकेतही बहुतेक वेळा असेच घडलेले दिसते.

तिकडचा ध्वजदिन घ्यावा. १४ जून १७७७ रोजी तेथील काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील प्रतिनिधींच्या सभेने, तारे आणि पट्टे असलेल्या ध्वजाचा ठराव केला, ही घटना. १८८५ साली विस्कॉन्सिन राज्यातील एका खेड्याच्या शाळेत बर्नार्ड सिग्रँड नावाच्या तरुण शिक्षकाने त्या तारखेला विद्यार्थ्यांकडून ध्वजाचा दिवस साजरा करून घेतला आणि पुढे आयुष्यभर त्याचा प्रचार केला, ही प्रथा. १९१६ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यासाठी जाहीरनामा काढला आणि १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने कायदा झाला, हा कागद. ‘ध्वजदिन केव्हा सुरू झाला’ या प्रश्नाला चार उत्तरे देता येतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती रकान्याचे नाव न सांगता त्यांतले एकच साल लिहिण्यात.

घटनेची तारीखसुद्धा डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला आणि जॉन अॅडम्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात २ जुलै हाच पुढील पिढ्यांचा उत्सवाचा दिवस होईल, असे भाकीत केले. प्रत्यक्षात ४ जुलै हा जाहीरनाम्याचा मजकूर स्वीकारल्याचा दिवस मान्य झाला आणि त्यावर बहुतेक सह्या तर २ ऑगस्टला झाल्या.

दिवसाचा दर्जा ठरवणे

दुसरी पायरी म्हणजे तो दिवस कोणत्या दर्जाचा आहे हे पाहणे. जमिनीचा उतारा पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही, तसे कागदाचा प्रकार पाहिल्याशिवाय कोणत्याही दिवसाला ‘राष्ट्रीय’ म्हणू नये. अमेरिकेत सुट्टीचे केंद्रीय दिवस आज ११ आहेत आणि ते केंद्रीय कायद्यांच्या संहितेतील पाचव्या शीर्षकात नोंदलेले आहेत. मातृदिन, पितृदिन, ध्वजदिन, संविधान दिन असे सुट्टी नसलेले दिवस छत्तिसाव्या शीर्षकात येतात. याशिवाय राष्ट्राध्यक्ष दरवर्षी अनेक दिवसांचे, आठवड्यांचे आणि महिन्यांचे जाहीरनामे काढतात, तर सिनेट कितीतरी दिवसांसाठी साधे ठराव करते. या ठरावांना कायद्याचे बळ नसते. सगळ्यांत खाली व्यापारी आणि हौशी दिवस येतात, ज्यांच्यामागे सरकारचा कोणताही कागद नसतो. समाजमाध्यमांवरून आपल्याकडे पोहोचणारे खाद्यपदार्थांचे आणि छंदांचे पुष्कळसे ‘नॅशनल डे’ या शेवटच्या प्रकारातले असतात. ते फळ्यावर न लिहिलेलेच बरे.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावी लागते. अमेरिकेचा केंद्रीय सुट्टीचा कायदा केंद्रीय कर्मचारी आणि राजधानीचे शहर यांच्यापुरताच असतो. राज्ये आपापल्या सुट्ट्या स्वतः ठरवतात आणि खासगी कंपन्यांवर तर त्याचे बंधनच नसते. पहिला असा कायदा १८७० साली झाला, तोही फक्त राजधानीतील कर्मचाऱ्यांसाठी. त्यात नववर्ष, ४ जुलै, नाताळ आणि राष्ट्राध्यक्षांनी सांगितलेला आभारप्रदर्शनाचा किंवा उपवासाचा दिवस एवढेच होते. आपल्याकडे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सोडले तर बाकीच्या सुट्ट्यांची यादी बहुतांशी राज्य सरकार काढते. सीमेवर राहणाऱ्यांना कोल्हापूरची यादी आणि बेळगावची यादी यांतील फरक माहीत असतोच, त्यामुळे हा मुद्दा येथील मुलांना लवकर समजतो.

१९९५ पासून तेथील प्रतिनिधीगृहाने स्मरणदिन ठरवणारी विधेयके मांडण्यासच नियमाने मनाई केली आहे. तेव्हापासून नवे दिवस जाहीरनाम्यांतून आणि सिनेटच्या ठरावांतून येताना अधिक दिसतात. कायद्याने नवी सुट्टी मिळणे फार दुर्मीळ झाले आहे. २०२१ मधील जूनटीन्थ, म्हणजे गुलामीच्या अंताचे स्मरण करणारा १९ जूनचा दिवस, हे त्याचे अलीकडचे उदाहरण, आणि त्याविषयी पुढे येईलच.

मागणी कोणी केली

माझ्या मते शोधातील सर्वांत मोलाचा भाग हा आहे आणि तोच फळ्यावर कधी येत नाही. जाहीरनाम्यावर सही राष्ट्राध्यक्षाची असते, म्हणून दिवसाचे श्रेय त्याच्या नावावर जाते; पण सहीच्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी वर्षानुवर्षे पत्रे लिहीत, सह्या गोळा करीत आणि दारे ठोठावीत असते. त्या माणसाचे नाव मिळाल्याशिवाय शोध थांबवू नये.

नोव्हेंबरमधील आभारदिन, म्हणजे थँक्सगिव्हिंग, याचे उदाहरण पाहावे. प्लिमथ येथील वसाहतवाल्यांनी १६२१ साली सुगीनंतर वांपानोआग या मूळ रहिवासी लोकांबरोबर केलेल्या मेजवानीशी तो जोडला जातो, पण त्या मेजवानीपासून आजच्या सुट्टीपर्यंत सरळ, अखंड रेषा नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली २६ नोव्हेंबर या गुरुवारी आभार मानण्याचा जाहीरनामा काढला. थॉमस जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना असे जाहीरनामे काढण्यास नकार दिला. पुढे अनेक वर्षे वेगवेगळी राज्ये आपापल्या सोयीने वेगवेगळ्या दिवशी तो पाळत राहिली. या विस्कळित प्रथेला एक दिवस मिळवून देण्याचे काम सारा जोसेफा हेल या बाईंनी अंगावर घेतले. त्या स्त्रियांसाठीच्या एका लोकप्रिय मासिकाच्या संपादिका होत्या. मासिकातून त्या अग्रलेख लिहीत राहिल्या आणि राज्यपालांना व एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवीत राहिल्या. यादवी युद्ध ऐन भरात असताना, २८ सप्टेंबर १८६३ रोजी, त्यांनी लिंकन यांना पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांचा जाहीरनामा निघाला. मतदानाचा अधिकारही नसलेल्या एका स्त्रीने लेखणीच्या बळावर देशाच्या पंचांगात एक दिवस घातला, ही गोष्ट मुलींच्या शाळेत तर आवर्जून सांगावी.

मातृदिनाची कथाही अशीच आहे. अॅना जार्व्हिस यांच्या आईने वेस्ट व्हर्जिनियात मातांची मंडळे उभारून आरोग्याचे आणि युद्धानंतर दुरावलेल्या कुटुंबांच्या समेटाचे काम केले होते. तिच्या मृत्यूनंतर, १० मे १९०८ रोजी, ग्राफ्टन गावातील चर्चमध्ये पहिला सोहळा झाला. १९१४ च्या मे महिन्यात संसदेचा ठराव आणि पाठोपाठ विल्सन यांचा जाहीरनामा आला. पुढे फुलांच्या, मिठाईच्या आणि छापील शुभेच्छापत्रांच्या व्यापाऱ्यांनी हा दिवस काबीज केला, तेव्हा ज्या जार्व्हिसबाईंनी तो मिळवला त्यांनीच उरलेले आयुष्य त्या व्यापाराविरुद्ध लढण्यात घालवले. मातृदिनाच्या टिपणात त्यांच्या झगड्याचे हे दुसरे अंग नसेल तर ते टिपण अर्धे आहे.

पितृदिनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. स्पोकेन शहरात १९१० साली सोनोरा स्मार्ट डॉड यांच्या आग्रहाने तो सुरू झाला आणि कायद्याची मान्यता १९७२ साली मिळाली, एवढे पुरेसे आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दिवसाची मागणी मात्र संसदेतूनच सुरू झाली. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि चारच दिवसांनी जॉन कॉनियर्स या सदस्याने विधेयक मांडले. १९७९ साली प्रतिनिधीगृहात ते थोडक्या मतांनी पडले. त्यानंतर लाखो सह्यांची मोहीम झाली. २ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि २० जानेवारी १९८६ रोजी पहिली सुट्टी मिळाली. जूनटीन्थची वाट तर याहून लांब आहे. गुलामीतून मुक्ततेची घोषणा १ जानेवारी १८६३ ची, पण टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे ती जनरल ग्रेंजर यांच्या आदेशाने जाहीर झाली १९ जून १८६५ रोजी. पुढच्याच वर्षापासून तेथील कृष्णवर्णीय लोक तो दिवस पाळू लागले, १९८० मध्ये टेक्सास राज्याची सुट्टी मिळाली आणि केंद्रीय सुट्टी मिळायला २०२१ उजाडले. २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, या मागणीसाठी वॉशिंग्टनच्या दिशेने पदयात्रेस निघालेल्या फोर्ट वर्थच्या ओपल ली यांचे नाव या टिपणात यायलाच हवे.

सीमाभागातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ येथे हुतात्मा दिन पाळला जातो. तो कोणत्याही सुट्टीच्या यादीत नाही, तरी बेळगावच्या हुतात्मा चौकात त्या दिवशी माणसे जमतात. १ नोव्हेंबरला राज्य सरकारचा राज्योत्सव असतो आणि त्याच तारखेला मराठी माणसे काळा दिवस पाळतात. एका तारखेला दोन आठवणी कशा असू शकतात, हे आपण जगून जाणतो. म्हणून कोलंबस दिनाचे टिपण लिहिताना त्याच दिवशी अनेक राज्यांत आणि शहरांत मूळ रहिवासी दिन पाळला जातो आणि त्याची सुरुवात बर्कली शहराने १९९२ साली केली, हे आपल्याकडून सुटता कामा नये.

सरकलेल्या तारखा

तारीख आज कोठे आहे आणि मुळात कोठे होती, हे वेगळे तपासावे. १९६८ साली झालेल्या आणि १९७१ पासून अमलात आलेल्या कायद्याने कित्येक सुट्ट्या सोमवारी नेल्या, जेणेकरून लोकांना सलग तीन दिवस मिळावेत. वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस २२ फेब्रुवारीचा. आता सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते आणि तो सोमवार १५ ते २१ याच तारखांत येत असल्यामुळे खऱ्या जन्मतारखेला ती कधीच पडत नाही. लोक तिला ‘प्रेसिडेंट्स डे’ म्हणतात, पण केंद्रीय कायद्यात नाव आजही वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसाचेच आहे.

माजी सैनिकांचा दिवस मात्र हट्टाने परत आला. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, म्हणून तो दिवस युद्धविराम दिन होता. १९३८ साली त्याला कायद्याने सुट्टी मिळाली आणि १९५४ साली सर्व माजी सैनिकांचा दिवस असे नाव झाले. सोमवारच्या कायद्याने तो १९७१ पासून ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी गेला, पण लोकांना ते रुचले नाही आणि १९७८ पासून तो पुन्हा ११ नोव्हेंबरला आला. बेळगावसारख्या, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या गावात हा तपशील आवडीने ऐकला जाईल.

आभारदिनही एकदा सरकला. १९३९ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता; नाताळाची खरेदी उशिरा सुरू होईल, या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून रूझवेल्ट यांनी दिवस २३ तारखेला आणला. काही राज्यांनी नवा दिवस पाळला, काहींनी जुना. हा घोळ डिसेंबर १९४१ मधील कायद्याने चौथा गुरुवार ठरवून मिटवला.

कागद कोठे मिळतो

हे सर्व बेळगावात बसून तपासता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. अमेरिकन संसदेच्या संकेतस्थळावर विधेयके आणि ठराव आहेत. राष्ट्राध्यक्षांचे जाहीरनामे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चालवलेल्या ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’वर सापडतात. वॉशिंग्टन, अॅडम्स यांची पत्रे तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर आहेत, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात जुनी वर्तमानपत्रे वाचता येतात. प्रथा केव्हा सुरू झाली याचा पुरावा बहुधा या वर्तमानपत्रांतच असतो. एखाद्या गावाने अमुक साली सोहळा केला म्हणतात, तर त्या सालच्या अंकात बातमी आहे का, हे पाहावे.

जाहीरनामा वाचताना सुरुवातीच्या ‘ज्याअर्थी’च्या परिच्छेदांवर विशेष लक्ष द्यावे. दिवस का द्यावासा वाटला, कोणत्या आधीच्या ठरावाचा आधार घेतला आणि कोणाची मागणी होती, हे तेथे असते. शेवटच्या ‘त्याअर्थी’च्या परिच्छेदात दिवस एकाच वर्षापुरता आहे की कायमचा, ते कळते. विश्वकोशातील नोंद किंवा इंटरनेटवरील लेख दिशा दाखवण्यासाठी जरूर वाचावा, पण तारीख उचलायची ती मूळ कागदावरून.

‘पहिला’ हा शब्द दिसला की थांबावे. अमेरिकेतील कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याचा पहिला मोर्चा न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ रोजी निघाला हे निश्चित आहे, पण कल्पना मॅथ्यू मॅग्वायर यांची की पीटर मॅकग्वायर यांची, हा वाद अजून मिटलेला नाही. अशा वेळी दोन्ही नावे लिहावीत. ऑरेगनने १८८७ साली पहिला राज्य कायदा केला आणि १८९४ साली, पुलमन रेल्वे संप पेटलेला असतानाच, केंद्रीय कायदा झाला.

नमुन्याचे टिपण

वरील रीतीने मेच्या शेवटच्या सोमवारच्या स्मृतिदिनाचे, म्हणजे मेमोरियल डेचे, टिपण असे होईल :

‘अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) मेलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याची प्रथा युद्ध संपताच अनेक ठिकाणी सुरू झाली. चार्ल्सटन येथे १ मे १८६५ रोजी नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी उत्तरेच्या सैनिकांच्या दफनभूमीवर मोठी मिरवणूक काढली. मिसिसिपीतील कोलंबस गावच्या स्त्रियांनी एप्रिल १८६६ मध्ये दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली. न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू गावाने ५ मे १८६६ रोजी सोहळा केला आणि शंभर वर्षांनी, १९६६ साली, संसद आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या गावाला स्मृतिदिनाचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ च्या आदेशाने ३० मे ही तारीख देशभरासाठी ठरवली. १८८८ साली तो केंद्रीय सुट्टीत आला आणि १९७१ पासून मेच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो.’

वॉटर्लूच्या वाक्यात जन्मस्थान कोणी आणि केव्हा ठरवले ते मुद्दाम नमूद केले आहे, कारण ती संसदेने दिलेली मान्यता आहे आणि चार्ल्सटनचा सोहळा वॉटर्लूच्या सोहळ्याच्याही आधीचा आहे. हे टिपण परिपाठात एका वेळी वाचून होते. फळ्यासाठी त्यातील एकच वाक्य घ्यायचे झाल्यास लोगन यांच्या आदेशाचे घ्यावे आणि बाकीचे टिपण कार्डावर लिहून वाचनालयात ठेवावे. कार्डाच्या मागे प्रत्येक तारीख कोणत्या कागदावरून घेतली आणि तो कोठे पाहिला हे लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी फळा लिहिणाऱ्याला ती पुन्हा पडताळून पाहता येईल.